मांडी हे आसन नव्हे : मोटारीतील बालकांची सुरक्षितता

मूल आईच्या मांडीवर सर्वांत सुरक्षित असते, ही आपल्या समाजाची दृढ भावना आहे. घरात ती खरी आहे. धावत्या मोटारीत मात्र ती खरी ठरत नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील कुटुंबे टॅक्सीतून वा स्वतःच्या मोटारीतून मुलांना मांडीवर घेऊन प्रवास करीत आली आहेत. परळच्या वाडिया रुग्णालयातून नवजात बालक घरी जाते, तेही बहुधा असेच. या सवयीतील धोका कोणता आणि तो कसा टाळावा, याची माहिती प्रत्येक पालकास असणे अगत्याचे आहे.

वेगाचे गणित

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एकाएकी अडली, तर आतील माणसाला बसणारा आघात सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या सज्जातून खाली पडण्याइतका असतो. अशा वेळी १० किलो वजनाचे मूल सेकंदाच्या दहाव्या भागात थोपवून धरावयाचे, तर सुमारे १४० किलोचा भार पेलण्याइतके बळ लागेल. एवढे बळ कोणाच्याही हातांत नसते. आई आणि मूल या दोघांभोवती मिळून एकच पट्टा बांधणे तर अधिकच घातक होय. कारण आईच्या देहाचा सारा भार मुलावर येतो.

दाट वस्तीच्या रस्त्यांवर एवढा वेग कोठून येणार, असे कोणी म्हणेल. परंतु पहाटे लालबागचा उड्डाणपूल मोकळा असतो. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा किनारी रस्ता २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला असून, त्याच्या सरळ भागात वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. शिवाय गणेशोत्सवात व शिमग्यात हीच कुटुंबे महामार्गाने कोकणात जातात.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १९४-ब नुसार, १४ वर्षांखालील मूल आसनपट्ट्याने अथवा बाल-आसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर १,००० रुपये दंड होऊ शकतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी मोटारीतील सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला.

बसविण्याची रीत

खांदा व कंबर यांना धरणारा तीनबिंदू पट्टा स्वीडनचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीत सिद्ध केला. तो प्रौढ देहासाठी आहे. लहान मुलासाठी तोच पट्टा बाल-आसन बांधण्यास उपयोगी पडतो. अलीकडच्या गाड्यांत आसन अडकविण्यासाठी आयसोफिक्सचे लोखंडी आकडे असतात. ते नसले तरी पट्ट्याने बांधावयाचे आसन नीट बसविल्यास उत्तम रक्षण करते. मात्र केवळ आसन विकत घेतल्याने रक्षण होत नाही. ते सैल राहिले, तर मुलासह पुढे फेकले जाते.

आसन मागील बाकावर ठेवावे. तान्ह्या मुलाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस असावे आणि किमान १५ महिन्यांपर्यंत ही स्थिती ठेवावी, म्हणजे आघात मान न हिसकता संपूर्ण पाठीवर विभागला जातो. एअरबॅग चालू असलेल्या पुढील आसनावर असे बाल-आसन कधीही ठेवू नये.

आसनावर रंगाने दाखविलेल्या मार्गातूनच पट्टा ओवावा. त्यास पीळ पडू देऊ नये. बकल लावल्यावर गुडघ्याने वा हाताने आसन गादीत दाबावे व पट्ट्याचा ढिलेपणा पूर्ण ओढून घ्यावा. नेहमीचा पट्टा हिसका बसल्यावरच आवळतो, एरवी सैल सुटतो. म्हणून आसनास पट्टा पकडणारा चिमटा असल्यास तो बंद करावा. मग पट्टा ओवलेल्या जागी आसन धरून हलवून पाहावे. ते अडीच सेंटिमीटरहून अधिक सरकता कामा नये. मुलाच्या अंगावरील पट्टेही घट्ट असावेत. खांद्याजवळ त्यांची चिमूट धरता येऊ नये.

काही गाड्यांचे पट्टे आखूड असतात, त्यामुळे खरेदीपूर्वी आपल्या गाडीत आसन बसवून पाहावे. त्यावर एआयएस-०७२ या भारतीय वा आर-४४, आर-१२९ या युरोपीय मानकाची खूण असावी. पाळणा घरोघर फिरतो, तसे अपघातग्रस्त आसन फिरवू नये. वरून धड दिसले तरी आतून ते तडकलेले असू शकते. आसनात न मावणाऱ्या मोठ्या मुलास उंच बैठक द्यावी. पट्टा पोटावर वा गळ्यावर न येता मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर आणि खांद्याच्या मध्यावर येईल इतकी उंची वाढल्यावरच ती काढावी.

आपले कर्तव्य

टॅक्सीत अनेकदा मागील पट्टे आच्छादनाखाली दडलेले असतात. प्रवास सुरू होण्यापूर्वी ते बाहेर काढण्यास सांगणे, हा प्रवाशाचा संकोच करण्याचा विषय नव्हे. अधिकाऱ्यांनी कार्यालयीन वाहनांचे पट्टे तपासावेत. शिक्षकांनी पालकसभेत बाल-आसन बसविण्याचे प्रात्यक्षिक घडवावे. सणासुदीला मुंबईच्या मोटारी गावात येतात, तेव्हा पंचायत सदस्यांनी परतीच्या प्रवासापूर्वी ही गोष्ट घरोघरी सांगावी. मुलावरील माया मांडीवर घेऊन व्यक्त होते, हे खरे. पण प्रवासात ती पट्टा घट्ट ओढून व्यक्त झाली पाहिजे.