बचावपटू कसा असावा? दारियस कास्परायटिसला बघा!

परवा सोलापूरच्या पार्क मैदानाजवळ कबड्डी खेळणारा एक मुलगा भेटला. म्हणाला, "काका, टाळ्या चढाई करणाऱ्यालाच पडतात." त्याला मी आइस हॉकीतल्या माझ्या आवडत्या बचावपटूबद्दल सांगितलं.

दारियस कास्परायटिस. जन्म 1972, लिथुआनियातलं एलेक्ट्रेनाय हे छोटं गाव. तिथून मॉस्कोच्या डायनॅमो क्लबात, आणि 1992 मध्ये थेट ऑलिंपिक सुवर्ण!

त्याच वर्षी उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सनं त्याला पहिल्याच फेरीत, पाचव्या क्रमांकावर निवडलं.

त्याचं हुकमी अस्त्र म्हणजे 'हिप चेक'. समोरचा वेगानं येतोय, हा ऐनवेळी खाली वाकतो आणि कंबरेनं धडक देतो. कबड्डीतला कडक डॅशच, फक्त बर्फावर. व्हिडिओ हळू करून त्याचे गुडघे बघा, म्हणजे ताकदीपेक्षा वेळ साधणं किती मोलाचं ते कळतं. मात्र 1998 मध्ये त्याच्या धडकेनं एरिक लिंड्रोस या खेळाडूच्या मेंदूला मार बसला. अशा आक्रमक खेळाची ही बाजूही मुलांना सांगायलाच हवी.

एनएचएलमध्ये 863 सामने, गोल फक्त 27. पण 2001 च्या प्लेऑफमध्ये बफेलोविरुद्ध सातव्या, निर्णायक सामन्यात जादा वेळेतला विजयी गोल त्याचाच! समोर गोलरक्षक होता डॉमिनिक हाशेक.

2018 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी तो लिथुआनियाकडून जागतिक स्पर्धेत उतरला.

आइस हॉकीचे नियम समजून घ्यायचे असतील तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.