प्रावस्थांतर स्मृती : उष्णता व शक्तिव्यय

पदार्थाच्या स्फटिकी व अस्फटिकी या दोन प्रावस्थांतील विद्युत् रोधाच्या फरकाचा उपयोग करून माहिती साठविणारी संगणकीय प्रयुक्ती. विद्युत् पुरवठा खंडित झाला तरी हीतील माहिती टिकून राहते. गतिक यादृच्छिक स्मृतीप्रमाणे ती सेकंदातून अनेक वेळा पुन्हा भारित करावी लागत नाही, त्यामुळे स्वस्थ अवस्थेतील शक्तिव्यय नगण्य असतो. खरा व्यय होतो तो लेखनाच्या वेळी.

या प्रयुक्तीत बहुधा जर्मेनियम, अँटिमनी व टेल्युरियम यांचे संयुग वापरतात. अस्फटिकी अवस्थेत त्याचा रोध स्फटिकी अवस्थेच्या मानाने शेकडो ते हजारो पट अधिक असतो. अस्फटिकी अवस्था आणण्यासाठी आखूड पण तीव्र विद्युत् स्पंदाने कोशिकेतील पदार्थ सु. ६००° से. वर वितळवून काही नॅनोसेकंदांत थंड करतात. अणूंना सुव्यवस्थित रचना घेण्यास वेळच मिळत नाही. उलट क्रियेत सौम्य व दीर्घ स्पंद पुरतो. वाचनासाठी लागणारा विद्युत् दाब इतका अल्प असतो की, पदार्थ तापत नाही.

अस्फटिकी पदार्थ तापविण्याइतका प्रवाह त्यातून जावा कसा, हा प्रश्न साहजिक आहे. विशिष्ट सीमेपलीकडे विद्युत् दाब वाढविताच त्याचा रोध एकाएकी घटतो, हे अमेरिकन संशोधक स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की (१९२२–२०१२) यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. १९७० मध्ये २५६ द्वयंकांची स्मृती वर्णिली गेली. परंतु प्रवाहाची गरज मोठी असल्याने हे तंत्र दीर्घकाळ मागे पडले.

पुरविलेल्या ऊर्जेचा फारच थोडा अंश प्रत्यक्ष वितळण्यास उपयोगी पडतो. बाकीची उष्णता विद्युत् अग्रांतून व भोवतालच्या निरोधकातून निसटते. म्हणून तापकाचा स्पर्शपृष्ठभाग जितका लहान, तितका प्रवाह कमी लागतो. २०११ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात कार्बन नलिकांची अग्रे वापरून तो काही मायक्रोअँपिअरपर्यंत खाली आणला गेला. मात्र कोशिका जवळ आल्या की, एकीची उष्णता शेजारणीतील अस्फटिकी पदार्थाचे स्फटिकीकरण करू शकते. सुलभ स्फटिकीकरण व दीर्घ टिकाऊपणा या परस्परविरोधी अपेक्षा आहेत. झरी जामणी (जि. यवतमाळ) परिसरात उन्हाळ्यात सावलीतील तापमान ४५° से. च्या आसपास जाते. बंद पेटीतील चिप त्याहून पुष्कळच तापते. अशा स्मृतीने ८५° से. तापमानास १० वर्षे माहिती राखावी, अशी सामान्य अपेक्षा असते.

२०२४ मध्ये बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील संशोधक यांच्या गटाने इंडियम सिलेनाइड न वितळविताच अस्फटिकी करता येते, असे दाखविले. त्यास लागणारी शक्तिघनता वितळवून थंड करण्याच्या पद्धतीपेक्षा अब्जपटीपर्यंत कमी आढळली. तथापि हे प्रयोग सूक्ष्म तारांवर झाले असून त्यांपासून व्यापारी चिप तयार झालेली नाही. दुसरीकडे, २०१७ पासून विक्रीस आलेल्या व याच तत्त्वावर आधारित मानल्या गेलेल्या ‘ऑप्टेन’ स्मृतीचा व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा इंटेल कंपनीने २०२२ मध्ये केली.