अणुवीज केंद्रातला मेकॅनिकल इंजिनियर : हुन्नर तोच, हिशेब वेगळा

अणुवीज केंद्र म्हणजे केवळ मोठ्या शास्त्रज्ञांचे काम, असा आम्हा कापडवाल्यांचा समज आहे. तो अर्धाच खरा. अणुभट्टी फक्त उष्णता देते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते आणि टर्बाइनवर जनित्र. म्हणजे पंप, व्हॉल्व्ह, पाइप, बेरिंग हा सारा कारभार मेकॅनिकल इंजिनियरचाच.

पालघर जिल्ह्यातील तारापूरचे केंद्र १९६९ पासूनचे. तेथे २००५ व २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या सुरू झाल्या. अशा एका भट्टीत ३९२ आडव्या नळ्या असतात आणि त्यांत इंधन असते. वर्षानुवर्षांच्या माऱ्याने नळी लांबते, मध्ये झोळ धरते. तिची वेळोवेळी तपासणी करून ती आणखी किती चालेल हे ठरवणे, हे सीनियर इंजिनियरचे काम.

आपल्याकडे माग अडला की जॉबर काहीतरी जुगाड करतो आणि माग पुन्हा खडखडू लागतो. फार तर एक तागा खराब होतो. तेथे हा हिशेब चालत नाही. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची दोन पाती तुटली. यंत्र हादरले, हायड्रोजन व तेल पेटले, केबली जळाल्या आणि सुमारे १७ तास केंद्रातील वीजपुरवठा बंद राहिला. कर्मचाऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात वर चढून हाताने बोरॉन भट्टीत सोडले, डिझेलच्या अग्निशमन पंपांनी पाणी पुरवले. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. बिघाड अणूचा नव्हता, पोलादाच्या पात्यांचा होता. म्हणून तेथे इंजिनियरची सही ही अमानत आहे. शंका आली तर ‘थांबवा’ म्हणण्याची हिंमत हाच त्याचा खरा अनुभव.

किरणांची भीती आईबापांना वाटते. कामगाराच्या अंगावर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. प्रत्येकाचा हिशेब खातेवहीसारखा लिहिला जातो.

२०१७ साली केंद्र सरकारने ७०० मेगावॉटच्या दहा भट्ट्यांना मंजुरी दिली. तेव्हा माणसे लागणारच. मेकॅनिकलची पदवी घेऊन ‘गेट’ परीक्षेत चांगले गुण मिळवले की अणुऊर्जा महामंडळाच्या प्रशिक्षणार्थी भरतीसाठी अर्ज करता येतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय तर १९५७ पासून तालीम देत आहे.

व्यापारी बंधूंनो, मुलाला यंत्राची आवड असेल तर त्याला गल्ल्यावर बसवण्याची घाई करू नका. मात्र मोजमाप खरे लिहिण्याची सवय त्याला घरातूनच लावा. ती नसेल तर पदवीचा उपयोग नाही.