अडाणच्या खोऱ्यातली निरीक्षण विहीर

यवतमाळहून दारव्ह्याला येताना बोरी अरबजवळ अडाण नदी लागते. श्रावणात पुलावरून खाली पाहिलं की पाण्याचा रंग वावरातल्या मातीचाच असतो. वाशीम जिल्ह्यातून उतरलेली ही नदी दारव्हा तालुक्यातले ओढे-नाले पोटात घेत पुढे जाते. पलीकडे दिग्रसच्या बाजूने अरुणावती वाहते. दोघींचं पाणी अखेर पैनगंगेचं, तिथून वर्धेचं, प्राणहितेचं आणि गोदावरीचं होतं. गोदावरी पाणीतंटा लवादाच्या कागदांत खोऱ्याचे 12 भाग आहेत आणि पैनगंगेचा भाग ‘जी-7’ या नावाने नोंदलेला आहे. दारव्ह्याच्या एखाद्या बरडावर पडलेला थेंब राज्याराज्यांतल्या हिशेबात या खात्यावर जमा होतो. केंद्रीय जल आयोगाची माणसं त्याला पैनगंगेच्या पुलाजवळ मोजतात, मग वर्धेवर बामणीला, प्राणहितेवर टेकऱ्याला. नदीत उतरल्यावर त्याची मोजदाद पक्की आहे. मला ओढ आहे ती त्याच्या आधीच्या प्रवासाची, म्हणजे धुऱ्यापासून नाल्यापर्यंतच्या आणि जमिनीखालच्या. तिथली मोजणी करते एक साधी विहीर.

1972 च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. लोक तिला बोअर मारणारं खातं म्हणून ओळखतात. तिचं मोठं काम मात्र फारसं कुणाच्या नजरेस पडत नाही. या यंत्रणेने अख्ख्या राज्याची 1531 पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली. सरासरी काढली तर एकेक क्षेत्र दोनशे चौरस किलोमीटरचं भरतं. तालुक्याची हद्द माणसाने आखलेली. पाणलोटाची हद्द उताराने ठरते. पाऊस टेकडीच्या कोणत्या अंगाला पडला यावर तो अडाणकडे जाणार की अरुणावतीकडे, हे ठरतं. या क्षेत्रांत निरीक्षण विहिरी निवडलेल्या आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असं वर्षातून चारदा त्यांचं पाणी मोजतात, आणि हे पन्नास वर्षं चालू आहे.

मोजणीची कृती पाहण्यासारखी असते. टेपच्या टोकाला वजन, शेवटच्या हात-दोन हातांवर खडू चोळलेला. काठावरची मोजायची जागा ठरलेली असते आणि दर वेळी तिथूनच टेप सोडायची. वजन पाण्यात बुडतं, काठाशी पूर्ण मीटरचा आकडा धरायचा आणि टेप वर ओढायची. खडू जिथवर भिजून काळपट झाला तेवढी लांबी धरलेल्या आकड्यातून वजा. मग कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा. उरलेला आकडा म्हणजे जमिनीखाली पाणी किती खोल आहे. शेजारच्या मोटारी चालू असतील तर थांबायचं, कारण उपसा चालू असताना घेतलेलं माप खोटं ठरतं. दहा मिनिटांचं काम. पण तीच विहीर, तोच काठ, तेच महिने, अशी चाळीस-पन्नास वर्षं ते झालं की त्या आकड्यांतून खोऱ्याची प्रकृती वाचता येते.

आणि ही प्रकृती नाजूक आहे. दारव्ह्याच्या खाली काळा बेसाल्ट आहे, लाव्ह्याच्या थरांवर थर. त्या दगडाला वाळूसारखी पोकळी नाही. पाणी मावतं ते मुरमात, फटींत आणि सच्छिद्र थरांत. भूजलाच्या हिशेबात झिजलेल्या बेसाल्टची पाणी देण्याची क्षमता साधारण 2 टक्के धरतात आणि पावसातलं सुमारे 7 टक्के पाणी मुरतं असं मानतात. आता हे आपल्या वावरावर मांडून पाहू. वर्षात 800 मिलिमीटर पाऊस झाला, तर मुरलं 56 मिलिमीटर. दगडात जागाच 2 टक्के, म्हणून तेवढ्या पाण्याने विहीर पावणेतीन मीटर वर येते. शेतकरी पाहतो, विहीर तुडुंब वाटते, जीव सुखावतो. पण हरभऱ्याला एक पाणी म्हणजे साधारण 5 सेंटीमीटर, म्हणजेच 50 मिलिमीटर. एका हेक्टरावर वर्षभरात मुरलेलं पाणी त्याच हेक्टराच्या एका ओलितात जवळजवळ संपतं! दुसरं पाणी द्यायचं तर ते वरच्या कुणाच्या तरी जमिनीत मुरून आलेलं असलं पाहिजे. खोऱ्यातले सगळे शेतकरी एकमेकांना कसे बांधलेले आहेत, हे सांगायला मला याहून स्पष्ट गणित माहीत नाही.

म्हणूनच पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करतात. टेकडीवर सलग समतल चर, ओघळींत दगडी बांध, खाली वावरांत बांधबंदिस्ती, नाल्यात माती बांध आणि सिमेंट बंधारे. क्रम उलटा केला तर खालचा बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो. या विचाराला सरकारदरबारी बळ मिळालं त्यात याच जिल्ह्याचा हात आहे. पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना 1992 मध्ये जलसंधारणाचं स्वतंत्र खातं झालं. 10 मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळतात. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा तेव्हा गावोगावच्या भिंतींवर होती.

बांधकामं झाली, पुढेही होत राहिली. 2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार आलं, 2017 मध्ये धरणांतला गाळ शेतात नेण्याची योजना आली. गाळाची ही योजना मला मनापासून आवडते. तलावाच्या तळातली माती म्हणजे वरच्याच वावरांतून वाहून आलेली माती. ती ट्रॉलीत भरून पुन्हा बरडावर पसरायची, म्हणजे खोऱ्याने खाली नेलेलं परत वर चढवायचं. हलक्या जमिनीला ती ओल धरायला शिकवते, आणि तलावातही जागा होते. मात्र किती ठिकाणी नाला इतका खोल खणला गेला की मुरूम संपून खालचा कठीण दगड उघडा पडला! तिथे पाणी साठलेलं दिसतं, पण आजूबाजूच्या विहिरींना ते फारसं मिळत नाही. अशा वेळी कोणतं काम लागू पडलं आणि कोणतं वाया गेलं, याची साक्ष शेजारची निरीक्षण विहीर देते. म्हणून बंधाऱ्याइतकाच पैसा आणि जीव या मोजणीत घालावा, असं माझं ठाम मत आहे.

पाणी न मुरण्याची दोन्ही टोकं या जिल्ह्याने पाहिली आहेत. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहर पाण्यासाठी टँकरच्या मागे धावत होतं. पाचच वर्षांनी, जुलै 2023 मध्ये, जिल्ह्यात असा पूर आला की महागाव तालुक्यात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. उघड्या टेकड्या पाणी धरत नाहीत, मग जे जुलैत वाहून गेलं तेच एप्रिलमध्ये कमी पडतं.

आकडे गावाच्या हाती आले तर काय होतं, ते अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजाराने दाखवलं. तिथे पावसाची नोंद पाहून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. पाऊस कमी, तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावागावाचा असाच ताळेबंद मांडायचं ठरलं, त्यासाठीचं गणित आयआयटी मुंबईत तयार झालं. यवतमाळ जिल्हा त्या प्रकल्पात आहे. अडचण आहे ती आकडा वेळेत हाती येण्याची. ऑक्टोबरचं माप घेतलं जातं तेव्हा सोयाबीन निघालेलं असतं, पऱ्हाटी उभी असते आणि घरोघरी एकच विचार चाललेला असतो, यंदा हरभरा करायचा की गहू. गव्हाला पाण्याच्या पाळ्या जास्त लागतात. नेमका त्याच आठवड्यात विहिरीचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिला गेला पाहिजे, गेल्या पाच वर्षांच्या आकड्यांच्या शेजारी. ‘यंदा पाणी गेल्या सालापेक्षा एवढं खाली’ हे वाचून निर्णय घेणारा शेतकरी गहू पेरेलही, पण मग किती एकरांवर, हे तो मोजून ठरवेल. शाळेतली मुलंसुद्धा हे माप घेऊ शकतात. टेप, वजन आणि खडू, एवढंच तर लागतं.

मार्चचं माप घेताना हरभरा निघालेला असतो आणि विहिरीच्या भिंतीवर पाण्याच्या उतरत्या रेघा दिसतात. मेमध्ये वजन तळाला टेकल्याचा हादरा हाताला कळतो. टेप वर येते तेव्हा खडू जसाच्या तसा पांढरा असतो, टोकाला थोडासा मुरूम चिकटलेला. नोंदवहीत त्या रकान्यात आकडा पडत नाही. ‘कोरडी’ असं लिहून, तारीख घालून, माणूस पुढच्या विहिरीकडे निघतो.