अर्धा खोपा

विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लटकतात. नीट पाहिलं तर त्यातले काही अर्धेच दिसतात: वरून बंद, खालून उघडे, मधे एक आडवी पट्टी. अंड्यांसाठी कोठी नाही, आत शिरायला नळी नाही. काम थांबलंय, कारण विणणारा कुणाची तरी वाट बघतोय.

विणतो तो नर. एरवी चिमणीच्या मादीसारखा मातकट दिसणारा हा पक्षी विणीच्या हंगामात पिवळाधमक होतो. शिंदीच्या पातीला चोचीनं कडेला छेद द्यायचा, टोक धरायचं आणि उडायचं. त्या झेपेतच लांब धागा सोलून निघतो. एका खोप्यासाठी अशा ५०० पर्यंत खेपा होतात. हात नसलेला हा जीव चोच आणि पाय वापरून चक्क गाठी मारतो!

अर्ध्या खोप्याला लटकून, पंख फडफडवत नर साद घालतात. माद्या येतात, आत शिरतात, पारखतात. पसंत पडला, तरच नर कोठी आणि नळी पुरी करतो. आतलं मऊ अस्तर मादी घालते. ती अंड्यांवर बसली, की हा पुढचा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीममध्ये सुगरणींवर बारकाईनं लक्ष ठेवून ही रीत उलगडली. नापसंत झालेला खोपा तसाच अर्धा राहतो.

मला सगळ्यात नवल वाटतं ते मादीच्या नजरेचं. विणकामापेक्षा ती जागेला जास्त भाव देते: उंच फांदी, काटेरी झाड, साप पोचणार नाही असं बारीक टोक. चुकीची जागा निवडणारीची पिल्लं जगत नाहीत, म्हणून तिची आवडही पुढे जात नाही. हजारो पिढ्यांच्या या निवडीनं खोप्याला आजचं रूप दिलंय. नैऋत्येचा वारा थेट झोडपू नये म्हणून खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेकडे असतात, तेही त्यातूनच आलं असावं.

मग ही कला उपजतच येते? निकोलस आणि एल्सी कोलियास या दांपत्यानं सुगरणीच्या आफ्रिकी भाईबंदांवर प्रयोग केले. लहानपणी ज्या नरांना गवत-पाती हाताळायलाच मिळाली नाहीत, त्यांना पुढे साहित्य मिळूनही सुरुवातीला एक धागा धड गुंफता येईना. विणायची ओढ रक्तातच असते, पण सफाई सरावानंच येते. तरुण सुगरण नरांचे पहिले खोपेही वेडेवाकडेच असतात.

याच कुळातला एक पक्षी कलहारीच्या वाळवंटात राहतो. तो गाठी मारत नाही, गवताच्या ताठ काड्या एकमेकींत खुपसत जातो. बाभळीच्या नात्यातल्या काटेरी झाडांवर त्याची अख्खी वस्ती एका अवाढव्य छपराखाली नांदते, कधी कधी शंभराहून जास्त पक्षी. इथे घर फक्त पिल्लांपुरतं नसतं. ते वर्षभर वापरात असतं, पिढ्यान्‌पिढ्या त्याची डागडुजी होते आणि हिवाळ्यात बाहेर पाणी गोठत असताना आतल्या खोल्या उबदार राहतात.