वहाणेवरील नाव

सन २०२५ च्या जून महिन्यात मिलान शहरी ‘प्राडा’ या इटालियन पेढीने आपल्या नव्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यात कोल्हापुरी वहाणांची हुबेहूब भावंडे शोभावीत अशी पादत्राणे झळकली. कोल्हापूरचे नाव मात्र कोठेच नव्हते. महाराष्ट्रात ओरड झाली, पेढीने मागाहून ऋण मान्य केले, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. आपला संताप न्याय्यच होता. तथापि ज्याने ती वहाण प्रथम घडविली त्याचे नाव आपल्या घरांत तरी कोणास ठाऊक होते, हा प्रश्न मनातून जाईना.

त्याच इटलीत एका जोडे शिवणाऱ्याचे नाव जगभर झाले. साल्वातोरे फेरागामो १८९८ साली बोनितो नावाच्या खेड्यात जन्मला. चौदा भावंडांतला अकरावा. जोडे शिवणे तेथेही हलकेच काम समजत, आणि आईबापांचा त्यास विरोध होता. बहिणीला धर्मविधीसाठी पांढरे जोडे हवेत आणि घरात पैसा नाही, असे पाहून नऊ वर्षांच्या या पोराने उसन्या साहित्यावर रातोरात जोडे शिवले, असे सांगतात. मग विरोध मावळला!

पुढे तो अमेरिकेस गेला व चित्रपटांतील नटनट्यांचे जोडे करू लागला. जोडे देखणे, पण बोचतात, ही तक्रार त्याला लागली. म्हणून त्याने शरीररचनाशास्त्राचा अभ्यास केला. देहाचा भार पायाच्या कमानीवर येतो, तेव्हा आधार तेथेच हवा, हे त्याने ताडले. १९२७ साली तो फ्लॉरेन्सला परतला; १९३३ साली दिवाळे निघाले; पुन्हा उभा राहिला. अबिसीनियाच्या युद्धामुळे इटलीवर निर्बंध आले आणि कमानीच्या आधारासाठी चांगले पोलाद मिळेना, तेव्हा त्याने बुचाच्या लाकडाची उंच टाच काढली. अडचणीतून निघालेली ती युक्ती पुढे जगाने उचलली. १९६० साली तो वारला. तेव्हा सहा मुलांची आई असलेल्या त्याच्या पत्नीने, वांदाबाईंनी, पेढी हाती घेऊन वाढविली. आपल्या भगिनींनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आता कोल्हापुरी वहाण पाहा. बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले कातडे, आणि खिळ्याऐवजी कातड्याच्याच वादीची शिवण. ही कारागिरी काय कमी आहे? २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांची नावे त्यात आली. कारागिराच्या नावाची जागा अद्याप रिकामीच आहे.

आमच्या वाड्यात दरवर्षी एक वृद्ध कारागीर वहाणा घेऊन येत. ओट्याखाली उभे राहून कागदावर आजोबांच्या पावलाचे माप काढीत. ओटा त्यांनी कधी ओलांडला नाही, कोणी ओलांडा म्हटलेही नाही. परवा वडील काकांना त्यांचे नाव विचारले. काकांना त्यांचे गाव आठवले, वहाणेची करकर आठवली; नाव काही आठवले नाही.