डाव संपल्यावर नियम?

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ आहे की नाही, हे पहिला चेंडू पडायच्या आधी ठरायचं. शेवटचा गडी बाद झाल्यावर कुणी हा नियम काढलाच, तर भांडण ठरलेलं. निवडणुकीच्या फेरमोजणीचा प्रश्नही मुळात तेवढाच साधा आहे. फरक इतकाच की, तिथे डाव देशाचा असतो.

सन 2000 मधले ते छत्तीस दिवस आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असतील. फ्लोरिडात सुमारे 60 लाख मतं पडली आणि बुश-गोर यांच्यात अखेर अंतर राहिलं 537 मतांचं. मतपत्रिकेला भोक पाडायचं होतं; कागदाचा तुकडा अर्धवट लोंबकळत राहिला तर ते मत धरायचं का? कायदा म्हणे, मतदाराचा हेतू पाहा. तो कसा पाहायचा, हे काउंटीगणिक वेगळं. पाम बीचमध्ये तर मोजणी चालू असतानाच निकष बदलले. 14 नोव्हेंबरची मुदतही न्यायालयाने 26 पर्यंत वाढवली. शेवटी 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणीवर पडदा टाकला. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने तसल्या मतपत्रिकाच बंद करायचा कायदा केला. बदल हवाच होता, पण तो पुढच्या मतदानासाठी.

अलीकडचं उदाहरण नॉर्थ कॅरोलायनाचं. 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या जागेसाठी अ‍ॅलिसन रिग्ज 734 मतांनी पुढे होत्या. दोनदा फेरमोजणी झाली, आघाडी टिकली. मग प्रतिस्पर्धी जेफरसन ग्रिफिन यांनी 60 हजारांहून अधिक मतांवरच हरकत घेतली. त्यांत परदेशातून मत पाठवणारेही होते. त्यांनी ओळखपत्राची प्रत जोडली नव्हती. पण निवडणूक मंडळाने ती मागितलीच नव्हती! 5 मे 2025 रोजी फेडरल न्यायाधीश रिचर्ड मायर्स यांनी निकाल दिला, त्याचा मथितार्थ असा: नियम खेळाआधी ठरतात, नंतर नाही. दोन दिवसांनी ग्रिफिन यांनी हार मान्य केली.

भारतात फेरमोजणीचा अर्ज निकाल जाहीर होण्याआधीच द्यावा लागतो. त्यानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका. 2024 मध्ये वायव्य मुंबईत 48 मतांनी हरलेले अमोल कीर्तिकर याच वाटेने गेले.

नियमच सदोष असेल तर? जरूर सुधारावा. संदिग्ध असेल तर न्यायालयाने अर्थ लावावा. पण सांगितलं तसं वागलेल्या मतदाराला त्याची शिक्षा नको. दिवाळीला आई-वडिलांकडे गेलेले आणि पुण्या-नाशिकहून मतपत्रिका पाठवणारे आपल्यातही आहेत. पाकीट बंद केल्यावर त्यांच्या हातात काहीच उरत नाही. उरतो तो फक्त विश्वास.